भिंगाने पाहिलेला चटका

मित्रांनो, जरा जवळ या. अजून थोडे जवळ. मी एक जुनं भिंग आहे, आणि लांबून बोलायची मला सवय नाही.

भिंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर ते लांब दांड्याचं, उन्हात धरून कागद जाळायचं खेळणं येत असेल. छे, छे! तो आमचा लांबचा भाऊबंद, आणि तो लांबच बरा. मी बोराएवढा आहे. पितळी घरात दुमडून बसतो, बोटाने ढकललं की बाहेर येतो, आणि जे आहे ते दहापट मोठं करून दाखवतो. मला वापरायची एक रीत आहे. मला डोळ्याला अगदी चिकटवून धरायचं आणि मग पान माझ्याजवळ आणायचं. इतकी साधी गोष्ट, पण शंभरातल्या नव्वद लोकांना जमत नाही. हात लांब करून, एक डोळा मिटून, तोंड वेडंवाकडं करून बघतात आणि वर मलाच नावं ठेवतात, "काही दिसत नाही बुवा यातून!" दिसणार कसं? कपाळ!

मला एका काच घासणाऱ्या कारागिराने घडवलं. माणूस तिरसट होता, पण हात सोन्याचा. तीन दिवस तो मला ओल्या कापडावर घासत होता. रोज संध्याकाळी मला डोळ्याला लावून स्वतःच्या सदऱ्याचे धागे मोजायचा आणि कडेचा धागा वाकडा दिसला की पुन्हा घासायला बसायचा. चौथ्या दिवशी धागे सरळ दिसले. "जा, आता खोटं दाखवू नकोस," असं म्हणून त्याने मला पितळेत बसवलं. ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही.

तिथून मी ज्या हातात गेलो, त्या हाताचं कौतुक किती करू आणि किती नको, असं मला होतं. ती तेव्हा नुकतीच नोकरीला लागली होती, पिकांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत. पुढे सगळे तिला पानडॉक्टर म्हणू लागले. तिने मला काळ्या दोरीत ओवून गळ्यात घातलं आणि पुढची बत्तीस वर्षं मी तिच्या गळ्यात होतो. लोक पोतंभर रोपं घेऊन यायचे आणि "काय झालंय?" एवढंच विचारायचे. बाकीचे तज्ज्ञ पान बघून पटकन नाव सांगून मोकळे व्हायचे. पानडॉक्टर आधी पान उलटं करायची. मग शेजारचं पान, मग कोंब, मग मूळ. मग विचारायची, "शेजारी काय लावलंय? पाणी कधी दिलं? वारा कुठून असतो?" समोरचा माणूस वैतागायचा. मी मात्र तिच्या गळ्यात ताठ मानेने लटकायचो.

तिने मला शिकवलेला एक धडा सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. एकदा तिने मातीच्या ट्रेमध्ये घेवड्याची रोपं वाढवली. प्रत्येक रोपाच्या एका पानाचा अर्धा भाग कागदाने झाकला आणि वरून तणनाशक फवारलं. हे तणनाशक स्पर्शजन्य होतं, म्हणजे जिथे थेंब पडेल तिथेच काम करणारं. दुसऱ्या एका जातीचं तणनाशक झाडात शिरून मुळापर्यंत हिंडतं. याचं तसं नाही. याचा कारभार पडेल तिथल्या तिथे.

ती दिवसभर त्या ट्रेपाशी मला घेऊन बसली. जेवायचीसुद्धा शुद्ध नव्हती तिला. मी काय काय पाहिलं! तासाभरात थेंबाखालची जागा गर्द हिरवी आणि ओली दिसू लागली, कुणीतरी तेलाचं बोट लावावं तशी. पानातल्या पेशी माझ्यातूनही दिसत नाहीत, पण त्यांची आवरणं फुटून आतला रस बाहेर झिरपतोय, असं ती पुटपुटली. दुपारचं ऊन चढलं तशी ती जागा फिकी पडली. संध्याकाळपर्यंत तिथे कोरडा, कागदासारखा तपकिरी डाग. सावलीत ठेवलेल्या दुसऱ्या ट्रेमध्ये हेच सगळं हळू चाललं होतं, कारण या औषधाला उन्हाची जोड लागते. आणि कागदाने झाकलेला अर्धा भाग? जसाच्या तसा हिरवा! मधली सीमा इतकी सरळ की कात्रीने कापल्यासारखी.

पानडॉक्टर स्वतःशीच म्हणाली, "हा ताप नाही, चटका आहे. ताप अंगभर जातो, पसरतो, शेजाऱ्यालाही होतो. चटका जिथे लागला तिथेच राहतो."

आठवड्याने त्याच रोपांना नवी पानं फुटली. एकावरही डाग नव्हता. मित्रांनो, मी तर थक्क झालो. एवढं पोळूनही ते रोप पुढचं पान निरोगी काढतं, ही काय साधी गोष्ट आहे?

असो. माझे चांगले दिवस गेले तेही सांगायला हवं. पानडॉक्टर निवृत्त झाली. लोकांच्या हातात कॅमेऱ्याचे फोन आले. पानाचा फोटो काढायचा, पाठवून द्यायचा आणि उत्तराची वाट बघायची. मला कोण विचारतो? एक दिवस तिने मला गळ्यातून काढलं आणि शिवणाच्या डब्यात ठेवलं. सहा वर्षं मी बटणांच्या आणि तुटक्या चेनच्या संगतीत काढली. बटणं तशी स्वभावाने बरी, पण त्यांना चार भोकांपलीकडचं काही माहीत नाही. माझ्यावर धूळ बसली, पितळ काळं पडलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

मग एका शुक्रवारी संध्याकाळी फोन वाजला. पानडॉक्टरच्या भाचीचा होता. ही भाची रोपवाटिका चालवते. डब्यात बसूनही मला तिचं रडणं ऐकू येत होतं.

"मावशी, बाबांची कलमं जाळायला सांगतायत गं! उद्या चार वाजेपर्यंत. सगळी!"

आता ही बाबांची कलमं म्हणजे काय ते ऐका. भाचीच्या घरामागे पाण्याच्या टाकीजवळ एक लिंबाचं झाड आपसूक उगवलं होतं. तिच्या बाबांनी ते जपलं. त्याच्या लिंबात बी नसायची आणि वर्षभर फळ लागायचं. असं दुसरं झाड कुणी पाहिलेलं नव्हतं. बाबा गेले, आणि दोन वर्षांनी वादळात ते झाडही मुळासकट आडवं झालं. फांद्या वाळायच्या आत भाचीने आणि रोपवाटिकेतल्या माळीकाकांनी चार दिवस अन्नपाण्याची पर्वा न करता त्याचे डोळे काढून खुंटांवर भरले, म्हणजे त्या झाडाच्या कळ्या रानलिंबाच्या रोपांवर बांधल्या. चारशे साठ कलमं जगली. दहा रांगा, प्रत्येक रांगेत सेहेचाळीस. ते झाड आता या जगात फक्त त्या कलमांच्या पिशव्यांमध्ये उरलं होतं.

आणि गुरुवारी सकाळी त्यांच्या पानांवर तपकिरी डाग दिसले. शुक्रवारी कृषी खात्याचा तपासनीस आला. तरुण होता, माणूस वाईट नव्हता, पण घाबरलेला होता. डाग बघून त्याने "खैऱ्या" असं नाव घेतलं. लिंबाच्या झाडांचा हा रोग वाऱ्यापावसाने पसरतो आणि बघता बघता आजूबाजूच्या बागा घेतो. तपासनीसावर आजूबाजूच्या वीस बागांची जबाबदारी होती. त्याने फोटो काढून वरिष्ठांना पाठवले, आणि उत्तर आलं, जाळा.

पानडॉक्टरने फोन ठेवला आणि सरळ शिवणाचा डबा उघडला. मला साडीच्या पदराने पुसलं. "चल रे बाबा," ती म्हणाली, "काम निघालंय." मित्रांनो, मला काय वाटलं ते तुम्हाला कसं सांगू!

शनिवारी सकाळी आम्ही रोपवाटिकेत पोचलो. कोपऱ्यात वाळलेल्या काटक्यांचा ढीग रचून तयार होता. माळीकाका त्याच्याकडे पाठ करून बसले होते. भाचीचे डोळे सुजले होते. तपासनीस घड्याळाकडे बघत उभा होता.

"मॅडम, मला तुमच्याबद्दल आदर आहे," तो म्हणाला, "पण फोटोत स्पष्ट दिसतंय. उगाच आशा लावू नका यांना."

"साहेब, चार वाजायला अजून सहा तास आहेत," पानडॉक्टर म्हणाली. "तोवर म्हातारीला चार पानं बघू द्या की."

तिने मला डोळ्याला लावलं. तिचा हात आता थोडा थरथरत होता, म्हणून तिने अंगठा गालाला टेकवला. पहिलं पान आलं. मी जीव ओतून पाहिलं. खैऱ्याचा डाग मी शेकडो वेळा पाहिलेला आहे. तो फुगीर असतो, खडबडीत, बुचासारखा, आणि भोवती पिवळी कडा असते. हा डाग सपाट होता. कोरडा. वरच्या बाजूने पानात खोलगट बसलेला. पान उलटं केलं, तर खालून ना फुगवटा, ना बुचासारखी खपली. वरच्या पानाची सावली जिथे खालच्या पानावर पडत होती, तेवढा भाग स्वच्छ हिरवा. मला घेवड्याचा ट्रे आठवला. तिलाही आठवला असणार, कारण तिने तेच पान पुन्हा एकदा माझ्याजवळ आणलं.

पण घाईने नाव सांगणं तिच्या रक्तातच नाही. ती रांगांमधून चालू लागली. पहिल्या रांगेची पानं जवळजवळ सगळी करपलेली. दुसऱ्या रांगेत पलीकडच्या टोकाला डाग जास्त, नळाकडच्या टोकाला कमी. तिसऱ्या रांगेत नेमकं उलटं. पाचव्या रांगेत इकडेतिकडे एखादा ठिपका. सातवीपासून पुढे काहीच नाही. मग ती गुडघे टेकून खाली बसली आणि मला पहिल्या रांगेतल्या एका पिशवीत वाकवलं. पिशवीच्या कडेला बोटभर गवत उगवलं होतं.

गवताच्या पातीवरही तेच डाग होते. तसेच सपाट, तसेच कोरडे.

"साहेब," तिने हाक मारली, "खैऱ्या गवताला कधीपासून व्हायला लागला?"

तपासनीस आला, वाकला. तिने मला त्याच्या हातात दिलं. त्याने मला हातभर लांब धरलं आणि डोळा मिटला. मी मनात म्हटलं, झालं, याच्या पायी चारशे साठ कलमं जाणार! पण पानडॉक्टरने त्याचा हात धरून मला त्याच्या डोळ्याला चिकटवलं आणि गवताची पाती माझ्यापुढे आणली.

"अरेच्चा," तो म्हणाला. बराच वेळ तो तसाच वाकून राहिला. एक पाती, दुसरी पाती, मग लिंबाचं पान. "हे फोटोत कळलंच नव्हतं."

"कसं कळणार? फोटो पान उलटं करत नाही." पानडॉक्टर उठून उभी राहिली. "हा चटका आहे. कुणीतरी नळापासून सुरुवात केली, पहिल्या रांगेतून पलीकडे गेलं, दुसरीतून परत आलं. चालणारा जसजसा पुढे गेला, तसतसे डाग कमी होत गेले. रोग असा शिस्तीत चालत नाही. काका, बुधवारी इथे काय फवारलंत?"

माळीकाका गडबडले. "पानांचं खत, डॉक्टरबाई. नेहमीचंच. दुसरं काही नाही, शपथ."

"आणि त्याआधी त्याच पंपात?"

काकांनी डोकं खाजवलं. मग हळूच म्हणाले, "सोमवारी वाटांवरचं तण मारलं होतं. पण पंप उलटा टांगलेला होता हो."

आता या रोपवाटिकेची रीत समजून घ्या. तिथे पंप एकच. नियम असा की तणनाशक मारल्यावर टाकी, नळी, दांडी आणि नोझल तीनदा धुवायचं आणि मगच पंप नळाशेजारच्या खिळ्याला उलटा टांगायचा. जमिनीवर उभा असेल तर समजायचं की धुतलेला नाही. उलटा टांगलेला असेल तर बिनघोर वापरा. बाबांनी घालून दिलेली ही रीत बारा वर्षं कधी चुकली नव्हती. सोमवारी काकांना नातीला शाळेतून आणायचा फोन आला, म्हणून त्यांनी पंप तसाच उभा ठेवला, उद्या धुऊ म्हणून. बुधवारी येऊन बघतात तर पंप उलटा टांगलेला. कुणीतरी धुतला असणार, असं ते धरून चालले. टाकी रिकामी होती, पण नळीत आणि दांडीत तणनाशक भरून राहिलं होतं. ते पहिल्या रांगेवर आधी पडलं.

"मीच धुवायला विसरलो असेन," काका म्हणाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "म्हातारपण आलं. माझ्याच हाताने टांगला असेन आणि लक्षात नसेल. पोरी, मला माफ कर. तुझ्या बाबांचं झाड..."

 तपासनीस मान खाली घालून उभा होता. गोष्ट तिथेच मिटली असती. काकांनी दोष घेतला होता, कुणी दुसरं काही विचारलं नसतं.

पण भाची नळाकडे बघत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"नाही काका," ती म्हणाली. "मी टांगला. मंगळवारी नळापाशी पाणी साचलं होतं, झाडायला म्हणून मी पंप उचलला आणि खिळ्याला अडकवला. खाली तोंड करून. मी धुतला नाही. मला आठवलंच नाही की उलटा म्हणजे धुतलेला. बाबांची रीत मीच मोडली, आणि दोन दिवस मी सगळ्यांना रोगाच्या नावाने रडून दाखवतेय."

मित्रांनो, मी बारीक बारीक गोष्टी दहापट करून दाखवत आलो. पण त्या पोरीने त्या क्षणी जे केलं, ते मोठं करून दाखवायची गरजच नव्हती. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघंही रडायला लागली. तपासनीसाने उगाचच चष्मा पुसला.

मग पानडॉक्टरनेच घसा खाकरला. "रडून झालं असेल तर पुढचं बोलू या का?"

ठरलं असं की जाळायचं नाही, पण सोडायचंही नाही. वाफ्याभोवती दोरी बांधायची. आत कुणी जायचं नाही, पाणी घालायला फक्त काका. पानं प्रयोगशाळेत पाठवायची. आणि नव्या पालवीची वाट बघायची. नवी पानं स्वच्छ आली तर चटका. नव्या पानांवर एक जरी डाग आला, तर तपासनीस स्वतः काडी लावणार.

आम्ही तिथेच राहिलो. रोज सकाळी काका पाणी घालून बाहेर आले की भाची विचारायची, "काही?" आणि काका मान हलवायचे. नवव्या दिवशी चौथ्या रांगेत पालवी दिसली. तपासनीस धावत आला. या वेळी कुणी न सांगता त्याने मला डोळ्याला चिकटवलं, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. कोवळी, चकचकीत, तांबूस पानं. डाग नाही. त्याच दुपारी प्रयोगशाळेतूनही निरोप आला, रोग नाही. त्याने स्वतःच्या हाताने दोरी सोडली.

पण पहिली रांग अजून उघडीबोडकी होती. सेहेचाळीस काड्या. त्यातलं पहिलंच कलम, नळीतला पहिला फवारा अंगावर घेतलेलं, ते तर सगळ्यांनी सोडूनच दिलं होतं. काकांनी मात्र सोडलं नव्हतं. ते रोज त्याच्यापाशी जरा जास्तच रेंगाळायचे. काडी नखाने अलगद खरवडून बघायचे. आत हिरवी रेघ होती.

एकोणिसाव्या दिवशी त्यांना तिथे मोहरीएवढं काहीतरी दिसलं. आता त्यातही एक पेच होता. कलमाला जोड असतो. जोडाच्या खाली फूट आली तर ती रानलिंबाची, काही कामाची नाही. जोडाच्या वर आली तरच ती बाबांच्या झाडाची. काकांचे डोळे अधू, जोड नेमका कुठे तेच त्यांना दिसेना. त्यांनी बिचकत पानडॉक्टरपुढे हात केला.

"डॉक्टरबाई, ते तुमचं भिंग जरा देता का? मला काय दिसणार म्हणा..."

तिने दोरी मानेतून काढून मला त्यांच्या तळहातावर ठेवलं. मातीने भेगाळलेला, औषधांनी राठ झालेला हात. कारागिराच्या हातून सुटल्यापासून मला शिकलेल्या माणसांनीच हाताळलं होतं. काका ओल्या मातीत आडवे झाले, मला डोळ्याला लावलं आणि काडी माझ्याजवळ आणली. मी पाहिलं. कारागिराने सांगितलं होतं, खोटं दाखवू नकोस. मला दाखवावंच लागलं नाही खोटं. जोडाची जुनी व्रणरेषा खाली होती. आणि तिच्या बोटभर वर, करपलेल्या सालीला बाजूला सारून, एक हिरवा कोंब बाहेर डोकावत होता.

काका तसेच पडून ओरडले, "पोरी! अगं ये लवकर! वर आहे! जोडाच्या वर आहे! तुझ्या बाबांचं आहे गं!"

आता मी पानडॉक्टरच्या गळ्यात नसतो. तिनेच मला तिथे ठेवलं, नळाशेजारी, पंपाच्या खिळ्यालगत दुसरा खिळा ठोकून. रोपवाटिकेची रीतही थोडी बदलली आहे. पंप तीनदा धुवायचा, शेवटचं धुवण नळीतून घेवड्याच्या एका छोट्या रोपावर फवारायचं, आणि दोन दिवसांनी माझ्यातून त्याचं पान बघायचं. पान स्वच्छ असेल तरच पंप उलटा टांगायचा. ते पान दर वेळी काकाच बघतात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत मला.

मित्रांनो, तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. हातातलं हत्यार धुतल्याशिवाय जागेवर ठेवू नका. आणि कुठलंही पान डागाळलेलं दिसलं, तर काडी पेटवायच्या आधी ते एकदा उलटं करून बघा. चटका असेल तर थोडा धीर धरा, फूट येते. पहिलं कलम आता कमरेएवढं झालंय. या आठवड्यात त्याला पहिलं फूल आलं, आणि त्याचा वास नळापर्यंत येतो म्हणतात. मला वास कळत नाही. पण काका सकाळी मला डोळ्याला लावतात तेव्हा त्यांच्या हातालाही तोच वास असतो, असं भाची सांगते.